वर पोचणं आणि चढणं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी या भागातल्या दोन पिढ्यांना कातळावर पाय ठेवायला शिकवलं. गाठ दोघांनी तपासल्याशिवाय त्यांनी कुणाला जमीन सोडू दिली नाही. आणि सुळका चढून आलेल्या मुलाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, ‘कसा चढलास?’ प्रस्तरारोहणाच्या मर्यादा आणि त्या पुढे नेणारी माणसं, हा आजचा विषय आहे. या विषयाचा गाभा मला सरांच्या त्या प्रश्नात दिसतो.

गेल्या सत्तर वर्षांत कातळावर काय शक्य आहे याची कल्पना पार बदलून गेली. साधनं सुधारली म्हणून हे घडलं, असं आपण सहज म्हणतो. दोर चांगले आले, बूट चांगले आले, हे खरंच आहे. पण मोठी झेप दर वेळी कुणीतरी हातात असलेलं एखादं साधन वापरायचं नाही असं ठरवल्यामुळे घेतली गेली. आणि ते साधन सोडण्याचा अधिकार त्या माणसांनी वर्षानुवर्षांच्या तयारीने कमावला होता. हे मी मुख्यतः एकाच कड्याच्या आधारे सांगणार आहे.

हा कडा कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात आहे. एल कॅपिटन त्याचं नाव. सुमारे 900 मीटर उंचीची ग्रॅनाइटची सलग भिंत. तिच्या मधोमध पुढे आलेली जी धार आहे, तिला ‘द नोज’ म्हणतात. 1957 च्या उन्हाळ्यात वॉरन हार्डिंग आणि त्याच्या सोबत्यांनी या धारेवर चढाई सुरू केली. एवढी मोठी भिंत तोवर तिथे कुणी चढलेली नव्हती. त्यांनी खालपासून वरपर्यंत दोर बांधत नेले. थकले की खाली यायचे, पुन्हा त्याच दोरांवरून वर जायचे. रुंद भेगांत बसतील एवढे मोठे पिटॉन, म्हणजे भेगेत ठोकायच्या धातूच्या मेखा, बाजारात मिळत नव्हते, तेव्हा जुन्या स्टोव्हचे पाय कापून ते भेगांत ठोकले. त्या भेगांना आजही ‘स्टोव्हलेग क्रॅक्स’ म्हणतात. जिथे भेग नव्हती तिथे हाताने भोकं पाडून बोल्ट बसवले. असे सुमारे सव्वाशे बोल्ट लागले. शेवटच्या रात्री माथ्याखालच्या पुढे झुकलेल्या कातळावर हार्डिंग डोक्याच्या दिव्याच्या उजेडात रात्रभर हातोडा चालवत होता. त्या एका टप्प्यात त्याने 28 बोल्ट मारले आणि 12 नोव्हेंबर 1958 च्या सकाळी तो माथ्यावर पोचला. दीड वर्षात विखुरलेले चाळीसहून अधिक दिवस त्या कड्यावर गेले होते.

हार्डिंगच्या जिद्दीला तोड नाही. पण सरांचा प्रश्न त्यालाही विचारावा लागतो. कसा चढला? पिटॉनला आणि बोल्टला दोरीच्या छोट्या शिड्या लटकवून, त्यांवर पाय देत. भार धातूवर होता. कातळ त्याने पार केला, पण फार थोड्या ठिकाणी हातापायांनी चढला.

दोनच वर्षांनी, 1960 मध्ये रॉयल रॉबिन्स, टॉम फ्रॉस्ट, चक प्रॅट आणि जो फिचन या चौघांनी हाच मार्ग एका दमात केला. खालून वरपर्यंत दोर बांधून ठेवायचे नाहीत, माघारीची वाट हाताशी ठेवायची नाही, असं ठरवून ते निघाले आणि सात दिवसांत वर पोचले. पुढच्या वर्षी रॉबिन्स, प्रॅट आणि फ्रॉस्ट यांनी त्याच कड्यावर ‘सालाथे वॉल’ हा नवा मार्ग काढला, तो फक्त 13 बोल्टांत. सव्वाशेवरून तेरा. सातशे-आठशे मीटर कातळावर बोल्ट न मारता वाट शोधायची तर नजर किती तयार लागेल, भेगा किती वाचाव्या लागतील, याचा विचार करा. भिंतीची उंची तीच होती. माणसाने स्वतःवर घातलेली अट वाढली आणि त्या अटीने त्याला अधिक चांगला आरोहक बनवलं.

बोल्ट किती मारावेत, या वादातला एक प्रसंग फार बोलका आहे. 1970 मध्ये हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल एल कॅपिटनच्या सर्वांत सपाट भागावर, डॉन वॉलवर चढले. 27 दिवस ते भिंतीवर होते. वादळात अडकले, सुटकेसाठी आलेल्यांना त्यांनी परत पाठवलं. पण त्यांनी तीनशेहून अधिक भोकं पाडली होती. रॉबिन्सला हे मान्य नव्हतं. पुढच्या वर्षी तो छिन्नी घेऊन त्याच मार्गावर गेला आणि चढता चढता मागचे बोल्ट तोडत निघाला. काही टप्पे झाले आणि त्याने छिन्नी आवरती घेतली. हार्डिंगने केलेली चढाई आपण समजलो होतो त्यापेक्षा फार अवघड आहे, हे त्याला कातळावरच कळलं. पुढचे बोल्ट त्याने तसेच ठेवले. तत्त्वाचा आग्रह असावा, आणि समोरच्याची कामगिरी प्रत्यक्ष पाहिल्यावर हात थांबवण्याएवढं मन मोठंही असावं. दोन्ही गोष्टी या एका प्रसंगात आहेत.

याच सुमारास आणखी एक बदल घडला आणि तो घडवणारा माणूस पिटॉनचा कारखानदार होता, हे महत्त्वाचं आहे. इव्हॉन शुनार पोलादी पिटॉन स्वतः घडवून विकायचा आणि त्याचा धंदा मुख्यतः त्यावरच चालायचा. पिटॉन भेगेत हातोड्याने ठोकायचा आणि शेवटच्या माणसाने पुन्हा हातोड्याने हलवून काढायचा, अशी रीत होती. शेकडो वेळा असं झाल्यावर बोट जाणार नाही अशा भेगेत बोटभर खळगे पडले. ग्रॅनाइट काही भरून येत नाही. 1972 च्या आपल्या मालाच्या सूचीत शुनार आणि फ्रॉस्ट यांनी सरळ लिहिलं की पिटॉन वापरू नका. त्याऐवजी भेगेत हाताने अडकवायचे आणि हातानेच काढायचे धातूचे तुकडे, म्हणजे नट्स, त्यांनी पुढे आणले. त्याच सूचीत डग रॉबिन्सन या आरोहकाने ते वापरायची रीत समजावणारा दीर्घ लेख लिहिला. ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं ती घेऊ नका, असं ग्राहकाला सांगणारा व्यापारी आपल्याला किती वेळा भेटतो? काही वर्षांत अमेरिकेतल्या आरोहकांच्या कमरेचा हातोडा गेला.

हातोडा गेला तशी नजर हातापायांकडे वळली. धातूवर भार द्यायचाच नाही, चढायचं ते फक्त हातापायांनी, दोर आणि नट असतील ते पडलो तर झेलण्यापुरते, ही रीत योसेमिटीत रुजली. इथे एक गैरसमज दूर करतो. याला ‘फ्री क्लाइंबिंग’ म्हणतात आणि त्यात दोर असतो. दोराशिवाय चढणं हा वेगळा प्रकार आहे, त्याकडे मी पुढे येईन.

युरोपात ही रीत फार जुनी होती. जर्मनीतल्या एल्बे नदीकाठच्या वालुकाश्मावर गेली शंभराहून अधिक वर्षं कडक नियम पाळले जातात. भेगेत धातू अडकवायचा नाही, कारण मऊ दगड झिजतो. त्याऐवजी दोरीला गाठी मारून त्या भेगेत बसवायच्या. त्याच देशात फ्रँकन युरा भागात 1975 मध्ये कुर्ट अल्बर्टने एक साधी गोष्ट सुरू केली. एखादा मार्ग मध्ये कुठेही धातूचा आधार न घेता, न लटकता चढून झाला, की त्याच्या पायथ्याशी तो लाल रंगाचा ठिपका काढायचा. जगभरातल्या अवघड चढाया आज त्या ठिपक्याच्या अटीवर मोजल्या जातात. त्याच युरामध्ये अल्बर्टचा सोबती वोल्फगांग ग्युलिखने 1991 मध्ये ‘ॲक्शन डायरेक्ट’ हा मार्ग केला. पुढे झुकलेला कातळ, त्यात एका-दोन बोटांपुरत्या खोबण्या, आणि सुरुवातच एका झेपेने. त्यासाठी त्याने लाकडी पट्ट्यांची पुढे झुकलेली फळी बनवून पायांशिवाय, नुसत्या बोटांवर उड्या मारत वर जाण्याचा सराव केला. ती फळी आज जगभरच्या क्लाइंबिंगच्या जिममध्ये दिसते.

आता पुन्हा नोजवर येऊ. 35 वर्षं हा मार्ग शेकडो लोक शिड्या लटकवून चढत होते. पूर्ण मार्ग हातापायांनी चढायचे प्रयत्न झाले होते आणि फसले होते. 1993 मध्ये लिन हिल या स्त्रीने तो तसा चढून दाखवला. तिची उंची सव्वापाच फुटांनाही थोडी कमी. या मार्गावर दोन जागा कळीच्या आहेत. पहिली ‘ग्रेट रूफ’, म्हणजे डोक्यावर आडवं छत आणि त्याच्या कोपऱ्यात बोटांची टोकं मावतील एवढी भेग. तिची बारीक बोटं तिथे उपयोगी पडली, असं अनेकांनी नंतर म्हटलं. पण दुसऱ्या जागेचं काय? तिला ‘चेंजिंग कॉर्नर्स’ म्हणतात. दोन गुळगुळीत भिंती काटकोनात मिळतात आणि धरायला जवळपास काहीच नाही. तिथे हिलने पाय, पाठ, कंबर, कोपर यांचा दाब दोन्ही भिंतींवर देत संपूर्ण अंग कोपऱ्यात फिरवलं. ही हालचाल तिने स्वतः शोधली होती. पुढच्या वर्षी तिने पूर्ण नोज 24 तासांच्या आत पुन्हा तसाच केला. तिच्या अंगात ताकद अफाट होतीच. पण त्या कोपऱ्यात चालली ती कल्पकता. उंच, लांब हातांचे पुरुष ज्या जागी ‘इथे धरायला काही नाही’ म्हणून थांबले, तिथे तिने धरण्याचा विचारच सोडून दिला. नंतरही बरीच वर्षं मोजक्याच आरोहकांना हा मार्ग असा करता आला.

आणि ज्या डॉन वॉलवर हार्डिंगने तीनशे भोकं पाडली होती, त्याच भिंतीकडे टॉमी कॉल्डवेल हा आरोहक 2007 पासून जाऊ लागला. हार्डिंगच्या जोडीदाराशी याचं नातं नाही, आडनाव फक्त सारखं आहे. त्याला डाव्या हाताची तर्जनी पुरी नव्हती, 2001 मध्ये करवतीच्या यंत्रात ती कापली गेली होती. 2009 मध्ये केव्हिन जॉर्जसन त्याला येऊन मिळाला. दोघांनी वर्षानुवर्षं भिंतीचा एकेक मीटर तपासला. 27 डिसेंबर 2014 ला ते पायथ्यापासून निघाले. ऐन हिवाळा त्यांनी मुद्दाम निवडला आणि अवघड टप्पे रात्री केले, कारण गारठ्यात बोटांना घाम येत नाही आणि बुटाचं रबर कातळाला अधिक चिकटतं. काही ठिकाणी पकड म्हणजे नाण्याच्या कडेएवढी ग्रॅनाइटची धार. ती धार बोटांची कातडी फाडते. पंधराव्या टप्प्यावर जॉर्जसन अडकला. पुन्हा पुन्हा पडला. बोटांची कातडी भरून यावी म्हणून त्याला मध्ये विश्रांती घ्यावी लागली. कॉल्डवेल तो टप्पा पार करून पुढे गेला होता, माथा त्याच्या आवाक्यात होता. पण आपल्याला एकट्याला वर जायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि जोडीदारासाठी थांबला. जॉर्जसनने अखेर तो टप्पा केला. 14 जानेवारी 2015 ला, एकोणिसाव्या दिवशी, दोघेही माथ्यावर पोचले. पुढच्या वर्षी चेक आरोहक ॲडम ओन्ड्राने हाच मार्ग आठ दिवसांत केला. कॉल्डवेल आणि जॉर्जसन यांनी वाट शोधून, जपून ठेवलेली माहिती त्याला मिळाली होती, हे आपण विसरू नये. मर्यादा एकट्याने ओलांडता येत नाही.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असलेला विषय घेतो. 3 जून 2017 ला ॲलेक्स होनॉल्ड एल कॅपिटनचा ‘फ्रीरायडर’ हा मार्ग दोराशिवाय, एकटा, 3 तास 56 मिनिटांत चढला. त्यावरच्या ‘फ्री सोलो’ या माहितीपटाला 2019 मध्ये ऑस्कर मिळालं आणि जगभरच्या लोकांना प्रस्तरारोहण म्हणजे हेच, असं वाटू लागलं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. अवघडपणा एक आणि धोका दुसरा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओन्ड्राने नॉर्वेतल्या फ्लाटांगरच्या गुहेत ‘सायलेन्स’ हा मार्ग केला. 9सी ही अवघडपणाची श्रेणी जगात पहिल्यांदा त्याला दिली गेली. गुहेच्या छतासारख्या कातळावर उलटं लटकून, पाय आधी पुढे नेत त्याला काही हालचाली कराव्या लागल्या. त्यांचा सराव तो जमिनीवर पडून, डोळे मिटून, एकेक स्नायू आठवत करायचा. हजारदा पडला असता तरी दोराने त्याला झेललं असतं. होनॉल्डचं बरोबर उलटं होतं. फ्रीरायडर हा त्याच्या ताकदीच्या खूप आतला मार्ग होता. दोर लावून याहून कितीतरी अवघड मार्ग तो चढलेला होता. पण फ्रीरायडरवर एक चूक म्हणजे मृत्यू. म्हणून त्याने तो दोर लावून कितीदा तरी घोटला, प्रत्येक पकड, प्रत्येक पाऊल पाठ केलं. 2016 च्या शरद ऋतूत त्याने दोराशिवाय सुरुवात केली, खालच्या गुळगुळीत उतारावर मन खात्री देईना, म्हणून परत फिरला. त्या दिवशी परत फिरला, हे मला त्या माहितीपटातलं सर्वांत शिकण्यासारखं दृश्य वाटतं. ओन्ड्राने शरीराची मर्यादा पुढे नेली, होनॉल्डने मनाची. दोघांनीही ती जमिनीवर, सरावात, आधी पुढे नेली होती.

आणि तरीही हा खेळ माणसं घेतो. जॉन बाखर हा दोराशिवाय चढणाऱ्यांचा त्याच्या काळातला अग्रणी, 2009 मध्ये दोराशिवाय चढतानाच पडून गेला. पण मला जास्त बोचतो टॉड स्किनरचा मृत्यू. 1988 मध्ये पॉल पियानासोबत सालाथे वॉल हातापायांनी चढणारा हा माणूस. 2006 मध्ये योसेमिटीतल्याच लीनिंग टॉवरवर दोरावरून खाली उतरत असताना त्याच्या हार्नेसचा पुढचा पट्टा तुटला. तो पट्टा झिजला होता. नवा हार्नेस त्याने मागवलेला होता. जगातल्या अवघड भिंतींवर ज्याची बोटं सुटली नाहीत, तो उतरताना, एका झिजलेल्या पट्ट्यामुळे गेला. अशा बातम्या नीट वाचल्या तर लक्षात येतं की बरेच अपघात उतरताना, दोर बदलताना, सवयीच्या कामात होतात. अवघड जागी माणूस सावध असतो. म्हणून सरांचा गाठ तपासण्याचा नियम जितका नवशिक्यासाठी होता, तितकाच जाणत्यासाठी होता.

आता आपल्या सह्याद्रीकडे येतो. आपला कातळ ग्रॅनाइट नाही, तो लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्ट आहे. दोन थरांच्या मध्ये मुरूम सुटतो, हातात आलेली पकड हातातच निघून येते, पावसाळ्यानंतर भेगांत गवत आणि माती असते, आणि कड्याच्या पोटात आग्या मोहोळ असू शकतं. तैलबैलाच्या भिंती, वानरलिंगी, नागफणी, लिंगाणा, हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा इथे आपल्या आरोहकांनी स्वतःच्या हिमतीवर, तुटपुंज्या साधनांत वाटा काढल्या. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. सुटत्या दगडात बोल्ट मारणं ही अनेकदा गरजच होती. योसेमिटीचे नियम इथे जसेच्या तसे लावणं अन्यायाचं ठरेल. एल्बेच्या वालुकाश्माने आपले नियम घडवले, ग्रॅनाइटने आपले. बेसाल्टचे नियम बेसाल्टवर चढणाऱ्यांनीच ठरवायला हवेत.

पण ते ठरवायला हवेत. आज आपल्याकडे एकाच सुळक्यावर जुन्या, गंजलेल्या बोल्टांशेजारी नवे बोल्ट मारलेले दिसतात. जुने कुणी, कधी, किती खोल मारले याची नोंद नसते. मोहिमेच्या बातमीत वेळ असतो, माणसांची संख्या असते, माथ्यावरचा झेंडा असतो. भार कुठे धातूवर होता, कुठे हातापायांवर, हे नसतं. त्यामुळे पुढच्या मुलाला आधीच्यापेक्षा चांगलं चढायचं असेल, तर कशापेक्षा चांगलं, हेच त्याला कळत नाही. कॉल्डवेलला हार्डिंगने काय केलं ते माहीत होतं, ओन्ड्राला कॉल्डवेलने काय केलं ते माहीत होतं. नोंद नसेल तर मर्यादाही नसते, मग ती पुढे काय नेणार?

गेल्या काही वर्षांत आपली मुलं कृत्रिम भिंतींवर उत्तम चढू लागली आहेत. 2016 आणि 2017 मध्ये बोल्डरिंगच्या, म्हणजे कमी उंचीच्या भिंतीवर दोराशिवाय चढण्याच्या, विश्वचषकाची फेरी नवी मुंबईत झाली. टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. या मुलांच्या बोटांत आधीच्या पिढीकडे नव्हती ती ताकद आहे. तिला सह्याद्रीच्या जाणत्यांकडचं कातळ वाचण्याचं ज्ञान मिळालं, तर जिथे आज आपण बोल्टांच्या रांगेवरून जातो त्यातल्या काही जागा ही मुलं हातापायांनी चढतील, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यापुढे प्रत्येक नव्या चढाईच्या अहवालात चार गोष्टी लिहाव्यात. किती बोल्ट आणि पिटॉन नवे मारले. कोणत्या टप्प्यांत त्यांवर भार दिला. कोणते टप्पे हातापायांनी, न लटकता झाले. आणि कुठे चूक झाली किंवा होता होता टळली. चौथी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण तीच पुढच्या कुणाचा तरी जीव वाचवते. हे अहवाल एका ठिकाणी जमा व्हावेत, सर्वांना वाचायला मिळावेत, त्यावर मोकळी चर्चा व्हावी. जुन्या सुळक्यांवरचे बोल्ट तपासण्याचं, निकामी झालेले काढण्याचं, लागतील तिथे मोजके नवे बसवण्याचं काम सर्व संस्थांनी मिळून हाती घ्यावं. ज्या जागा बोल्टशिवाय राहू शकतात, त्या तशाच ठेवाव्यात. आपल्याला जमलं नाही म्हणून कातळात भोक पाडणं म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्या अधिक चांगल्या आरोहकाची संधी काढून घेणं.

तरुण मित्रांनो, तुम्हाला एकच सांगायचं आहे. एखादी जागा आज चढता आली नाही तर परत या. बोटं तयार करा, दोन वर्षांनी पुन्हा जा. तोवर ती जागा होती तशी ठेवा. आणि चढून आलात की कसे चढलात ते खरं सांगा. पुढचा माणूस तिथूनच सुरुवात करणार आहे.